काळं बॉनेट

"सांग. किती राहिली?"

वस्तादांनी पॉलिशचं मशीन बंद केलं, फडक्याने बॉनेट पुसलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं. मी हातातला दिवा बॉनेटवर तिरपा धरून उभी होते. मला काहीच राहिलेलं दिसत नव्हतं. काळा रंग विहिरीतल्या पाण्यासारखा स्वच्छ झाला होता. त्यात वरचा पत्रा दिसत होता, माझ्या ओढणीची गाठ दिसत होती आणि माझं घाबरलेलं तोंडही.

"थोडी हाय, वस्ताद," मी म्हणाले.

"कुठं?"

"उजव्या अंगाला. दिव्याच्या खाली."

"शाब्बास." त्यांनी मशीनच्या पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या मलमाचे, चार ठिपके दिले आणि मशीन परत टेकवलं.

मी सरळसरळ खोटं बोलले होते, आणि मला शाब्बासकी मिळाली होती.

काळ्या गाडीवर उजेड तिरपा पडला की रंगात बारीक गोल रेघा दिसतात. कंपनीच्या पुस्तकात त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. कोल्हापुरात आम्ही उद्यमनगरातले लोक 'जाळी' म्हणायचो, कारण ती दिसते कोळ्याच्या जाळ्यासारखीच. ज्याचं गाडीवर प्रेम जास्त, त्याच्या गाडीवर जाळी जास्त, हे मला तिथेच कळलं. ही गाडी दाभोळे साहेबांची होती. साहेब पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी सहा वाजता जुन्या बनियनच्या फडक्याने ते स्वतः गाडी पुसायचे, तीही कोरडी, धुळीसकट. नऊ वर्षं त्यांनी तिला मायेने ओरबाडलं होतं.

ही गोष्ट दोन हजार अकरा सालची. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि सुकुमार मगदूम यांच्या वर्कशॉपमध्ये गाड्या धुवायला होते. दोन वर्षं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी साबणाच्या पाण्यात उभी होते. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बारमाही चिखल्या. चप्पल घातली तरी आग, काढली तरी आग. घरी गेल्यावर सासूबाई खोबरेल तेल आणि हळद लावून द्यायच्या आणि म्हणायच्या, "शालन, तुझं पाय म्हशीच्या खुरासारखं झाल्यात गं." त्या चेष्टेने म्हणायच्या. मला मात्र रडू यायचं.

म्हणून मगदूमशेठ एक दिवस म्हणाले, "शालनताई, पॉलिशचं मशीन शिकणार का? वस्तादांच्या हाताखाली," तेव्हा मी विचार न करता हो म्हणाले. मशीनवरच्या माणसाचे पाय कोरडे असतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वस्ताद म्हणजे दस्तगीर शिकलगार. वय अठ्ठावन्न, अंगाने काडी, आवाजाने ढोल. आपले पूर्वज तलवारींना पाणी द्यायचे, असं ते अभिमानाने सांगायचे. त्यांच्या टेबलावरची बाटली कोणी बोटभर सरकवली तरी अख्खं वर्कशॉप डोक्यावर घ्यायचे. चहाचा ग्लास उजव्या हाताशीच ठेवायचा, डावीकडे ठेवला तर लवंडलाच म्हणून समजा, आणि वर बोलणी आपल्यालाच. वॉशिंगची माणसं त्यांच्या वाटेला जायची नाहीत. मी मुळातच भित्री. लहानपणी शाळेत फळ्यासमोर बोलावलं की येणारं उत्तरही मी विसरायचे. आणि वस्ताद तर दिवसभर फळ्यासमोर उभं केल्यासारखे प्रश्नच विचारायचे. किती राहिली? कुठं राहिली? कंपाउंड वाळलं का? पॅडला काय लागलंय? बोल की!

शिकवायची त्यांची रीतही वेगळी. पहिले आठ दिवस मी भंगारातल्या एका बॉनेटवर मशीन चालवलं. मशीन सुरू झालं की हातातून उडायचं, पोटावर आदळायचं.

"त्याला दाबू नगंस. त्याचं वजन त्याला पुरं हाय," ते म्हणायचे. "डोळं मीट."

"डोळे मिटून कसं करू वस्ताद?"

"कानानं कर. पॅड सपाट फिरलं तर आवाज एकसारखा येतो. कडा टेकली की रडतंय. आणि हाताची पाठ टेकवून बघ. तळहाताला घट्टं पडल्यात, त्याला ऊन-गार कळत न्हाई. पाठीला सोसवत न्हाई म्हणजे थांबायचं. रंगावरचा काचंसारखा थर पेपरच्या कागदापेक्षा पातळ असतोय. तो जाळलास तर परत येत न्हाई. मग रंगाऱ्याकडं."

तो काचेसारखा थर मला स्वप्नात दिसायचा. मी बोट लावते आणि तो दुधाच्या सायीसारखा गोळा होऊन येतो.

दुसऱ्या आठवड्यात एका निळ्या गाडीचं दार मी केलं. वस्तादांनी विचारलं, "किती राहिली?" मी आनंदाने म्हणाले, "गेली सगळी!" त्यांनी स्पिरिटचा बोळा माझ्या हातात दिला. "पूस. आता सांग." मी पुसलं आणि बघते तो जाळी जागच्या जागी. कंपाउंडमधल्या तेलाने ती नुसती झाकली होती.

"आली परत," मी पुटपुटले.

"तेलानं फसवलं तुला. जा, चार दिवस गाड्या धू."

चार दिवस मी परत पाण्यात. पाय पुन्हा फुटले. त्या चार दिवसांत मी मनाशी एक ठरवलं. वस्तादांना सगळं माहीतच असतं, ते फक्त आपली परीक्षा घेतात. तर मग 'गेली' असं कधी म्हणायचंच नाही. 'थोडी राहिलीय' म्हणायचं. ते आणखी एक हात मारतील, एवढंच ना? एका जास्तीच्या हाताने कोणाचं काय बिघडतंय?

आणि खरोखरच काही बिघडलं नाही. महिनाभर मी 'थोडी हाय' म्हणत राहिले आणि ते 'शाब्बास' म्हणत राहिले.

दाभोळे साहेबांची गाडी आली त्या सकाळी मगदूमशेठ आमच्याजवळ आले. शेठ माझ्याहून लहान, तरतरीत माणूस, पण त्या दिवशी तेही घाबरलेले दिसले.

"वस्ताद, साहेब पाच वाजता येणार. हा माणूस कसा आहे माहीत आहे ना? मागं एका गॅरेजवाल्याने यांच्या गाडीच्या दाराला चरा पाडला. हे काही बोलले नाहीत. त्याच्या दुकानासमोर खुर्ची टाकून तीन दिवस नुसते बसले. तिसऱ्या दिवशी तो माणूस रडत पाया पडला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शालनताई, ही गाडी बिनतक्रार गेली तर सोमवारपासून तुम्ही कायमच्या मशीनवर. नाहीतर वॉशिंगला माणूस कमीच आहे मला."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा सकाळी सकाळी खुर्ची घेऊनच आला.

उजव्या बाजूची दोन्ही दारं वस्तादांनी मला करू दिली. ती झाली. डिकी, छत, डावी बाजू त्यांनी केली. बॉनेट शेवटाला ठेवलं होतं. त्या बॉनेटवर दोन्ही बाजूंनी दोन लांब धारा होत्या, म्हणजे पत्र्याच्या उंच घड्या, काचेपासून पुढच्या टोकापर्यंत गेलेल्या. धारेवर रंग नेहमीच पातळ बसतो, म्हणून तिथे आम्ही कागदी टेप चिकटवून ठेवायचो. बाकीचं बॉनेट झालं. उजवी धारही झाली. दुपारचे दोन वाजले होते.

"डाव्या धारंचा टेप काढ," वस्ताद म्हणाले. "टेपखालची जाळी हलक्या हातानं घ्यायची. एकच हात. दुसरा न्हाई."

मी टेप काढला. त्यांनी धारेवर बोट फिरवून तिचा अंदाज घेतला आणि मशीन सुरू केलं. काचेपासून निघून पुढच्या टोकापर्यंत ते इतक्या हळुवार गेले की मी दिवा धरायचं विसरून बघत राहिले. मग मशीन थांबलं. त्यांनी पुसलं, स्पिरिट मारलं.

"किती राहिली?"

धार लख्ख होती. एक रेघ नव्हती. मी वाकून बघितलं, दिवा इकडून तिकडे नेला. काही नाही. पण 'गेली' हा शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेना. आज चुकले तर सोमवार गेला.

"थोडी हाय," मी म्हणाले.

ते लगेच शाब्बास म्हणाले नाहीत. "अजून? नीट बघ. धार हाय ही."

एवढं खोदून विचारतात म्हणजे यांना काहीतरी दिसलंय आणि मला दिसत नाही, असं मला वाटलं. शिवाय एकदा 'आहे' म्हटलेलं 'नाही' कसं म्हणू? मग मघाशी काय बघत होतीस, असं विचारलं तर?

"हाय, वस्ताद. मधोमध."

"दिवा नीट धरलाइस?"

"व्हय."

त्यांनी परत कंपाउंड लावलं. मग मधोमध दुसरा हात मारला. पुसलं. "आता?"

जे खोटं मघाशी बोलले होते तेच पुढे ओढणं भाग होतं. एकदम सगळी गेली म्हटलं तर संशय येईल. "जरा हाय अजून," मी म्हणाले.

तिसऱ्या वेळी मशीन टेकलं आणि दोन सेकंदांत आवाज बदलला. सुरात चाललेलं मशीन घशात काहीतरी अडकल्यासारखं कुंथलं. वास आला, करपल्यासारखा. वस्तादांनी झटक्यात मशीन उचललं.

"पॅडला रंग आलाय?" त्यांनी विचारलं.

पॅड पिवळं होतं. त्यावर काजळाच्या बोटासारखा काळा पट्टा उमटला होता. वरचा काचेसारखा थर संपून रंग सुटला होता. खाली धारेवर आठ आण्याच्या नाण्याएवढा ठिपका पडला होता, आणि त्याच्या मधोमध रंगाखालचं करडं अस्तर डोकावत होतं.

डोळ्यांसमोर खुर्ची आली, पाणी आलं, पाय आले.

"न्हाई," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं."

त्यांनी हाताची पाठ धारेवर टेकवली आणि चटकन काढून घेतली. त्यांची नजर नेहमीसारखीच माझ्या डोक्यावरून कुठेतरी मागे लागली होती. मला वाटलं, आता शिवी येणार. शिवी आली नाही. मी भुईकडे बघत राहिले. "पॅड धुऊन ठेव," एवढंच म्हणून ते चहाला गेले.

ते गेल्यावर मी काय केलं तेही सांगते, लाज वाटली तरी. मी वॅक्सच्या डब्यात बोट बुडवलं आणि त्या ठिपक्यावर चोळलं. ओलसर वॅक्सखाली करडा भाग काळपट झाला. समोरून बघितलं तर कळत नव्हतं. बाजूने बघितलं तर कळत होतं. मग मी देवाला सांगितलं, साहेबांना समोरूनच येऊ दे. पॅड तीन वेळा धुतलं. मला एकच गोष्ट कळत नव्हती. ठिपका वस्तादांच्या नाकासमोर होता, पॅड त्यांच्या हातात होतं, तरी ते गप्प का? मला वाटलं, संध्याकाळी सगळ्यांसमोर माझी चामडी सोलायची म्हणून ठेवून दिलंय.

पाचला पाच कमी असताना साहेब आले. उंच माणूस, पांढरा बुशशर्ट, हातात काही नाही. शेठनी गाडी बाहेर उन्हात काढली होती. साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, हात पाठीमागे बांधून. मी भिंतीला टेकून उभी होते. ते डाव्या बाजूने आले तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

"मगदूम," साहेब म्हणाले, "ही माझीच गाडी ना?"

शेठ हसले. मीही भिंतीला टेकल्या टेकल्या सैल झाले. साहेबांनी खिशातून किल्ली काढली.

"साहेब, थांबा जरा."

वस्ताद आतून येत होते, एक हात भिंतीवरून फिरवत. उन्हात आल्यावर त्यांनी डोळे बारीक केले.

"काय वस्ताद?"

"गाडीला एका जागी रंग भाजलाय. माझ्या हातनं. तुमाला सांगितल्याबिगार गाडी जाऊ द्यायची न्हाई मला."

शेठ त्यांच्या कानाशी लागून पुटपुटले, "अहो वस्ताद, हात दाखवून अवलक्षण कशाला?" पण साहेबांनी ऐकलं होतं.

"कुठं?" साहेबांनी विचारलं. तो आवाज ऐकल्यावर खुर्चीवाल्याची गोष्ट मला अगदी खरी वाटली.

वस्ताद बॉनेटपाशी गेले. डाव्या धारेवर हात ठेवला, बोट पुढे पुढे नेलं आणि एका ठिकाणी टेकवलं. "हितं."

साहेब वाकले, चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. "इथं तर काहीच नाही."

शेठ धावत आले. "कुठाय? अहो, काचेसारखं आहे की! साहेब, आमचे वस्ताद स्वतःशी फार कडक आहेत."

खरंच तिथे काही नव्हतं. ठिपका तिथून दीड वीत मागे होता. वस्तादांचं बोट थोडं सरकलं. मग आणखी थोडं, उलट्या दिशेला.

"हितंच असंल कुठंतरी," ते म्हणाले.

कुठंतरी. ज्या माणसाला गाडीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाची रेघ दिसते असं मी महिनाभर समजत होते, तो माणूस स्वतःच्या बोटापासून दीड वितीवर असलेला ठिपका शोधत होता. भर उन्हात. किती राहिली, कुठं राहिली, पॅडला काय लागलंय. यातला एकही प्रश्न परीक्षेचा नव्हता. त्यांना माहीत नव्हतं म्हणून ते विचारत होते. रंग भाजल्याचंही त्यांना कानाने आणि हाताच्या पाठीनेच सांगितलं होतं. आणि मी पाठ केलेलं उत्तर देत होते.

साहेबांनी किल्ली बोटात फिरवली. "चला मग. नसलेली चूक कशाला उकरायची?" त्यांनी दार उघडलं.

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गाडी गेली असती. सोमवारी मी मशीनवर गेले असते. वस्तादांचं गुपित वस्तादांपाशी राहिलं असतं, आणि बोलले तर तेच सगळ्यांसमोर उघडं पडणार होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी घाबरलेलीच होते.

वस्तादांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला. "शालन," ते म्हणाले, नेहमीच्याच करड्या आवाजात, "कुठं हाय?"

मी गेले. त्यांचं मनगट धरलं. एवढ्या दिवसांत मी त्यांना कधी हात लावला नव्हता. मनगट काडीसारखं होतं आणि थरथरत होतं. ते मला आधी कधी दिसलंच नव्हतं, कारण मशीन धरलेला हात थरथरला तरी कळत नाही. मी त्यांचं बोट मागे नेलं आणि ठिपक्यावर ठेवलं.

"हितं, वस्ताद. वर वॅक्स हाय. मी लावलंय."

"केवढा?"

"आठ आण्याएवढा. मधी अस्तर दिसतंय."

"पॅडला रंग आला हुता?"

"आला हुता."

"आणि जाळी?"

"पहिल्या हातातच गेली हुती." मला हुंदका आला. "मी भिऊन सांगितलं, राहिलीय म्हणून. दर वेळी भिऊनच सांगत हुते."

साहेब ठिपक्याकडे बघायला वाकलेच नाहीत. ते वस्तादांच्या डोळ्यांकडे बघत होते. त्यांनी स्वतःचा हात हळूच वर केला आणि दोन बोटं धरली.

"किती?"

"साहेब, बोटं दिसत्यात मला. दोन," वस्ताद म्हणाले. "बारीक दिसत न्हाई. डोळ्यांचा पडदा खराब झालाय. दोन वरसं झाली."

साहेब शेठकडे वळले. आवाज न चढवता म्हणाले, "आंधळ्या माणसाच्या हातात गाडी दिलीत माझी?"

शेठचा चेहरा पांढरा पडला. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. बॉनेट रंगवून द्यायचं ठरलं. साहेबांनी गाडी तिथेच ठेवली आणि रिक्षाने गेले. त्यांनी खुर्ची टाकली नाही. ते खुर्ची टाकून बसले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, कारण मग शेठ आणि वस्ताद यांच्यात पुढचं बोलणं झालं नसतं.

"वस्ताद," शेठ म्हणाले, "उद्यापासून नका येऊ. मला दुसरं काही करता येत नाही."

"बरोबर हाय," वस्ताद म्हणाले.

"शालनताई मशीन चालवतील का?"

"चालवंल. हात चांगला हाय तिचा. तोंड तेवढं सुधाराय पायजे."

त्यांनी टेबलावरची एकही बाटली घेतली नाही. डबा घेतला, टोपी घातली आणि निघाले. मी मागोमाग गेले. फाटकाबाहेर गल्ली संपून मोठा रस्ता लागायचा, तिथे त्यांना पलीकडे जायचं असायचं. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी झटकला.

"रोज जातो मी," ते म्हणाले. पण रस्त्याच्या कडेला थांबले.

"वस्ताद, मला सांगितलं का न्हाई? डोळ्यांचं?"

"सांगून काय झालं असतं? डोळं गेलेल्या माणसाला लोक गोड गोड सांगत्यात. व्हय वस्ताद, झ्याक झालंय वस्ताद. माझ्या मागल्या हाताखालच्यानं तेच केलं. मला भिणारं माणूस पायजे हुतं. भ्यालेलं माणूस नीट बघतंय, असं मला वाटलं."

मी ओढणीची गाठ सोडली आणि परत बांधली.

"बघितलंस तू नीटच," ते म्हणाले. "सांगितलंस तेवढं खोटं."

"पण आज खरं सांगितलं की. मघाशी. भीती तर तेव्हाही वाटत हुती."

"तवा भीतीचं ऐकलं न्हाईस तू." ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. पुढचे दोन दात नव्हते. "म्हणून तर नोकरी गेली माझी."

मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी रडलेच. ते माझ्या रडण्याकडे लक्ष न देता रस्त्याच्या आवाजाकडे कान लावून उभे होते. संध्याकाळची गर्दी, कारखाने सुटलेले, दोन्हीकडून गाड्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर त्यांनी वजन टाकलं, निघाल्यासारखं केलं आणि परत थांबले. मग हळू आवाजात, जणू मला ऐकू गेलं नाही तरी चालेल अशा आवाजात, त्यांनी विचारलं.

"जाऊ?"

मी डोळे पुसले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे बघितलं. "थांबा," मी म्हणाले. एक टेम्पो गेला. त्याच्यामागून एक मोटारसायकल गेली. रस्ता रिकामा झाला, तरी मी आणखी एकदा दोन्हीकडे बघितलं.

"आता जावा, वस्ताद."

आणि ते निघाले. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, सरळ चालत पलीकडे गेले.